फुकटाची जागा
(मोकळ्या आभाळाखाली – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पग्राउंडांबद्दल लिहिलं होतं. ते वाचून दोघा-तिघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला : ‘आरक्षण मिळालंच नाही, तर?’ प्रश्न रास्त आहे. उद्यानात तंबूसाठी सगळ्या मिळून जेमतेम ५०० जागा आणि वर्षाकाठी येणारे लोक ३० लाखांच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमधला शनिवार-रविवार गाठायचा, तर मुलाचं लग्न ठरवताना कार्यालय धरतात तशी महिनोन् महिने आधी जागा धरावी लागते.

पण उद्यानाची हद्द संपते तिथे वाळवंट संपत नाही. लॉस एंजेलिसहून आय-१० धरून पूर्वेला निघायचं. पाम स्प्रिंग्जच्या पवनचक्क्या मागे पडतात, इंडिओच्या खजुराच्या बागाही मागे पडतात, आणि रस्ता डोंगरातून चढू लागतो. आणखी वीस-पंचवीस मैलांवर कॉटनवुड स्प्रिंग्ज रोडचा फाटा येतो. तिथून उत्तरेला वळलं की मैल-दीड मैलावर उद्यानाची पाटी आहे. त्या पाटीच्या अलीकडेच डावी-उजवीकडे कच्च्या वाटा फुटतात. संध्याकाळी पोचलात तर त्या वाटांच्या कडेने एखादी व्हॅन, दोन-चार तंबू, लांबवर एखादी बसएवढी आरव्ही (चाकांवरचं घर) असं विखुरलेलं दिसतं. फाटक नाही, कचेरी नाही, पावती नाही. पाटीपलीकडे गेलात तर सात दिवसांसाठी गाडीमागे ३० डॉलर प्रवेशशुल्क आणि मुक्कामाचे पैसे वेगळे. अलीकडे राहिलात तर काही नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा पंधरा मिनिटं गाडीतच बसून राहिलो. मालक येईल, हटकेल, निदान ‘कुठले तुम्ही?’ असं तरी विचारेल, असं वाटत होतं. कुणी आलं नाही.

मालक आहे. त्याचं नाव ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट. सगळे बीएलएम म्हणतात. हे खातं सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन सांभाळतं. तीन महाराष्ट्र त्यात मावतील आणि वर थोडी जागा उरेल. त्यातली बहुतेक जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात आहे. एवढी जमीन सरकारकडे उरली कशी, याचं उत्तर सरळ आहे : ती कुणाला नको होती. १८६२च्या होमस्टेड कायद्याने, जो येऊन कसेल त्याला १६० एकर, अशी वाटणी सुरू झाली. नदीकाठची काळीभोर जमीन गेली, मग बरी जमीन गेली, मग बेताची. जिथे वर्षाला चार-पाच इंच पाऊस, तिथे १६० एकर घेऊन माणूस करणार काय? ती राहिली. गुरंमेंढरांचे मालक तिच्यावर वाटेल तशी चराई करू लागले, तेव्हा १९३४मध्ये टेलर ग्रेझिंग कायदा आला आणि चराईसाठी वेगळं खातं निघालं. १९४६मध्ये ते खातं आणि १८१२पासूनचं जुनं जमीनवाटप खातं एकत्र करून बीएलएम झालं. म्हणजे आपल्या गायरानाचाच हा लांबचा भाऊबंद म्हणायचा. गावाच्या गाई नाहीत, एवढंच.

१९७६च्या कायद्याने ठरवलं की उरलेली जमीन यापुढे सर्वसाधारणपणे सरकारकडेच राहील आणि तिचा ‘बहुविध उपयोग’ होईल. या दोन शब्दांत सगळी मेख आहे. उद्यान राखण्यासाठी असतं. बीएलएमची जमीन वापरण्यासाठी. खाणी, चराई, विजेच्या तारा, शिकार, जीपगाड्या आणि आपले तंबू, सगळ्यांनाच त्यात वाटा. कॉटनवुडच्या फाट्यापासून आय-१०ने आणखी पूर्वेला गेलं की डेझर्ट सेंटर लागतं. तिथे याच खात्याच्या जमिनीवर ५५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. एक खातं एका हाताने इथल्या वाळवंटी कासवाचं बीळ जपतं आणि दुसऱ्या हाताने मैलोन् मैल काचा मांडायला परवानगी देतं, हे पाहून काहींना राग येतो. मला गंमत वाटते, आणि थोडी कीवही.

या मोकळ्या मुक्कामाला इथले लोक ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. आरव्हीवाल्यांचा शब्द ‘बूनडॉकिंग’. तो मूळचा फिलिपिन्सचा. तगालोग भाषेत ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर, आणि तिथे लढून आलेल्या अमेरिकी सैनिकांनी तो ‘आडरान’ या अर्थाने घरी आणला. नियम मोजके आहेत. २८ दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस मुक्काम, मग तिथून २५ मैलांच्या परिघाबाहेर जायचं. गाडी असलेल्या वाटेनेच न्यायची, नवी वाट पाडायची नाही. शेकोटीसाठी कॅलिफोर्नियात परवाना लागतो. तो फुकट आणि ऑनलाइन मिळतो, पण वणव्याच्या दिवसांत बंदी असली तर परवाना खिशात असूनही काडी ओढायची नाही. ज्यांना १४ दिवस पुरत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी पूर्वेला, ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ बीएलएमनेच दीर्घ मुक्कामाचे तळ ठेवले आहेत. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक आरव्हीसह सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथे ठाण मांडतात. तो एक वेगळाच संसार आहे. त्यावर पुढे कधीतरी.

नकाशा मात्र आधी बघून ठेवा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दुतर्फा एक सोडून एक असे चौरस मैल बक्षीस दिले गेले. त्यामुळे पश्चिमेतल्या कित्येक भागांत सरकारी आणि खासगी जमीन अजूनही बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. वाळवंटात पांढरं घर कुठलं आणि काळं कुठलं, हे डोळ्यांना कळत नाही. फोनवर नकाशा उतरवून घ्यायचा तो घरूनच. हमरस्त्याजवळ रेंज मिळते, उद्यानात शिरलं की ती जाते.

आता फुकट म्हणजे काय, ते.

नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, सावली नाही, बाक नाही. कॅम्पग्राउंडला जे पैसे भरतो ते या गोष्टींचे, हे मला इथे आल्यावर कळलं. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तेही नुसतं पिण्याचं. भांडी आणि तोंड धुणं वेगळं. कॉटनवुडच्या व्हिजिटर सेंटरपाशी नळ आहे, हमरस्त्यापासून सातेक मैलांवर. तोवर थेंब नाही. आणि मौज अशी की लॉस एंजेलिसचं पाणी याच मुलखातून जातं. कोलोरॅडो नदीचं पाणी किनाऱ्याकडच्या शहरांना नेणारा २४२ मैलांचा कालवा या डोंगरांतून काढलेला आहे. आपण घरून डबे भरून आणतो, म्हणजे त्याच पाण्याला शेकडो मैलांचा हेलपाटा घालून पुन्हा तिथेच आणून ठेवतो.

भांड्यांची युक्ती आजीची. पातेलं वाळूने घासायचं, कागदाने पुसायचं, मग वाटीभर पाण्याने विसळायचं. कागद अर्थात कचऱ्याच्या पिशवीत. आणि ‘संत्र्याचं साल तर आहे, खत होईल’ हे इथे चालत नाही. कुजायला ओल लागते. इथे साल सुकतं, कातड्यासारखं कडक होतं आणि महिनोन् महिने तसंच पडून राहतं. त्याच्या आशेने डोमकावळे येतात. ते एकदा यायला लागले की कासवाची पिल्लं टिपायला लागतात, कारण पिल्लाची पाठ पहिली काही वर्षं मऊच असते.

कुजण्यावरून दुसरा विषय निघतोच. हागणदारीमुक्त गावाच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला एम.एस. होऊन, गाडी घेऊन, शेवटी उघड्यावरच बसावं लागतं, यावर आमच्या ग्रुपमध्ये भरपूर विनोद झाले. शास्त्र असं : वाटेपासून, पाण्याच्या जागेपासून आणि ओढ्यापासून ७०-८० पावलं लांब जायचं, अर्धा फूट ते आठ इंच खड्डा खणायचा आणि पुन्हा बुजवायचा. कागद पुरायचा नाही, पिशवीत परत न्यायचा. पण जिथे दर शनिवारी शंभर माणसं येतात तिथे खड्डे तरी किती खणणार? त्यापेक्षा जेलची भुकटी असलेल्या पिशव्या मिळतात त्या वापरा आणि बांधून घरी न्या. ऐकायला कसंतरी वाटतं, मान्य. झुडपाखाली वाऱ्याने फडफडणारा कागद सकाळी दिसला, की कमी कसंतरी वाटतं.

तंबू कुठे ठोकायचा, यात मी चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर. संध्याकाळी पोचलो. सगळीकडे दगडगोटे, आणि मधूनच एक वाळूचा पट्टा, मऊ, सपाट, गादी घातल्यासारखा. दोन्ही बाजूंना काठ, म्हणून वाराही कमी. आम्ही तिथेच पथारी पसरली. अंधार पडता पडता शेजारच्या व्हॅनमधले एक वृद्ध गृहस्थ हातात कंदील घेऊन आले आणि आमच्या बाजूच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे झाड ओळखता का?’ राखाडी, पानं जवळपास नसलेलं, धुरासारखं दिसणारं. स्मोक ट्री. या झाडाच्या बीचं कवच इतकं टणक असतं की ते दगडावाळूत घासलं गेल्याशिवाय अंकुर फुटत नाही. आणि ते घासतं कोण, तर ओढ्याला येणारा लोंढा. म्हणजे जिथे स्मोक ट्री उभं आहे, तिथून पाणी गेलेलं आहे. आम्ही ज्याला गादी समजत होतो, ते ओढ्याचं पात्र होतं. इथे त्याला ‘वॉश’ म्हणतात. पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. दहा मैलांवरच्या डोंगरात पडला तरी तासाभरात चिखलाचा गढूळ लोंढा इथे येतो. जुलै ते सप्टेंबर हे विशेष धोक्याचे महिने, पण हिवाळ्यातला पाऊसही पुरेसा असतो. त्या रात्री आभाळ निरभ्र होतं. तरी आम्ही मुकाट्याने खुंट्या उपटल्या आणि वर खडकाळ जमिनीवर आलो. पाठ दुखली.

कुठल्या जमिनीवर यायचं, तेही महत्त्वाचं : आधीच कुणी राहिलेल्या, गाड्यांनी तुडवून उघड्या झालेल्या. शेजारी कोरी करकरीत जागा असते आणि मन तिकडेच ओढ घेतं. पण वाळवंटाच्या मातीवर काही ठिकाणी काळपट, खरखरीत पापुद्रा दिसतो. तो नुसती माती नसतो. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल मिळून विणलेली ती जिवंत साय असते. ती माती धरून ठेवते, हवेतला नायट्रोजन तिला देते. एक बूट पडला की मोडते, आणि पुन्हा धरायला दशकं लागतात.

ही दशकं म्हणजे किती, ते बघायचं तर फाट्यापासून चार-पाच मैल पूर्वेला चिरियाको समिटला जा. पेट्रोल पंप, खानावळ आणि जनरल पॅटनच्या नावाचं संग्रहालय आहे. १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या लढाईसाठी पॅटनने या वाळवंटात सराव-छावणी उघडली. मुख्य तळ, कॅम्प यंग, इथेच होता. १९४४मध्ये सगळं गुंडाळलं. तंबू गेले, माणसं गेली. रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग काही ठिकाणी अजून आहेत, आणि सैनिकांनी तंबूपुढच्या पायवाटांना हौसेने दुतर्फा लावलेले दगडही. कॅम्पिंगलाच आलेली माणसं होती ती, एका अर्थाने. ऐंशी वर्षं झाली.

सकाळी निघताना गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं. हे इथलं सगळ्यांत जुनं पथ्य. वाळवंटी कासव आयुष्याचा ९५ टक्के काळ बिळात काढतं आणि वसंतात व शरदात बाहेर येतं तेव्हा सावली शोधतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीइतकी चांगली सावली मैलभरात दुसरी नसते. १९९०पासून ते संकटग्रस्तांच्या यादीत आहे. सापडलं तर उचलून बाजूला ठेवायचा मोह आवरा. घाबरलं की ते मूत्राशयातलं पाणी सोडून देतं, आणि तोच त्याचा उन्हाळ्याचा साठा असतो. नंतर ते तहानेने मरू शकतं. मग करायचं काय? काही नाही. स्टोव्ह पुन्हा पेटवायचा, आणखी एक चहा टाकायचा आणि ते आपल्या पायांनी जाईपर्यंत थांबायचं. आमच्या गाडीखाली आजवर एकदाच होतं. पाऊण तास लागला. दोन चहा झाले, उरलेले पोहे संपले, आणि ऑफिसच्या मीटिंगला मी कॉटनवुडच्या फाट्यावरून, हमरस्त्याच्या कडेला गाडी लावून हजर झालो.

पुढच्या आठवड्यात उद्यानाच्या उत्तरेला जाऊ. तिथेही बीएलएमची मोकळी जागा आहे, पण ती एका कोरड्या तळ्यात. तळं कोरडं असतं तेव्हा धूळ, आणि नसतं तेव्हा गाडी बाहेर काढायला ट्रक लागतो.