दर्यात काय घडलं, ते आधी कोण सांगणार?



हल्ली बातम्यांत 'हायब्रिड धोका' हा शब्द वारंवार कानावर येतो. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्याला पटकन कळेल अशी आहे. समोरचा उघड युद्ध करत नाही, गोळी झाडत नाही. पण त्रास देत राहतो. मासेमारीच्या बोटीच्या वेशात पहारा ठेवतो, वाट अडवतो, पाण्याचे फवारे मारतो आणि वर खोटी बातमी सोडतो. विचारलं की हात वर करतो, 'आम्ही कुठे काय केलं?'

याला तोफेनं उत्तर देता येत नाही, कारण तोफ डागली की युद्ध सुरू करणारे आपणच ठरतो. गप्प बसलं तर रोज थोडा थोडा दर्या हातातून जातो. मग उरतो एक मार्ग. जे घडलं ते लवकर, पुराव्यासकट आणि एका आवाजात सगळ्यांना सांगायचं. हा मार्ग कसा चालतो हे बघायचं तर फिलिपिन्सकडे बघावं. तिथं मार खाणारे आपल्यासारखेच मच्छीमार आहेत.

तीन दिवस उशीर झाला, तेव्हा काय झालं

९ जून २०१९ च्या मध्यरात्री रीड बँक भागात फिलिपिन्सची 'जेम-व्हेर' ही मासेमारी होडी नांगरून उभी होती. चिनी बोटीनं तिला धडक दिली. २२ खलाशी पाण्यात पडले. धडक देणारी बोट न थांबता निघून गेली. शेवटी व्हिएतनामच्या मच्छीमारांनी या सगळ्यांना वाचवलं.

फिलिपिन्स सरकारनं ही गोष्ट जाहीर केली ती १२ जूनला. नंतर चिनी दूतावासानं सांगितलं की आमच्या बोटीला सात-आठ फिलिपिनो होड्यांनी घेरलं होतं, म्हणून ती थांबली नाही. खुद्द फिलिपिन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनीही हा समुद्रातला छोटासा प्रसंग असल्याचं म्हटलं. अंधारातली घटना, खलाशांची साक्ष हाच मुख्य पुरावा. सरकारचं एक, खलाशांचं दुसरं, दूतावासाचं तिसरं. ज्यांची होडी फुटली, त्यांनाच आपण खरं बोलतोय हे पटवून द्यायची वेळ आली.

मग पद्धत बदलली

६ फेब्रुवारी २०२३ रोजी फिलिपिन्स तटरक्षक दलाच्या 'मालापास्कुआ' जहाजावर चिनी तटरक्षक जहाजानं लेझरचा झोत मारला. जहाजावरच्या लोकांना काही वेळ दिसेनासं झालं. या वेळी दलानं फोटो जाहीर केले. त्यानंतर अशा घटना उघड करणं हे धोरणच झालं. गस्तीच्या जहाजांवर पत्रकारांना सोबत न्यायला सुरुवात झाली. बोलायला एक ठरलेला माणूस नेमला, कमोडोर जे तारिएला. काही घडलं की वेळ, ठिकाण आणि व्हिडिओ यांसह माहिती बाहेर येऊ लागली.

त्याच सप्टेंबरात स्कारबरो शोल इथं, म्हणजे लुझॉन बेटापासून सुमारे १२० सागरी मैलांवर, चिनी बाजूनं ३०० मीटर लांबीचा तरंगता अडथळा टाकला होता, फ्लोट बांधलेल्या दोराचा. हा या मच्छीमारांचा जुना मासेमारीचा भाग. २०१२ पासून तिथं चीनचा ताबा आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय लवादानं सांगितलं होतं की इथं फिलिपिन्सच्या मच्छीमारांचा पारंपरिक हक्क आहे आणि चीननं त्यांना अडवणं चुकीचं आहे. चीन तो निकाल मानत नाही.

२२ सप्टेंबरला गस्तीत हा दोर दिसला. २४ ला फोटो-व्हिडिओ जाहीर झाले. २५ ला फिलिपिन्सच्या माणसानं पाण्यात उतरून दोर कापला, त्याचाही व्हिडिओ आला. दोर कापायला एक सुरी पुरली. पण तो दोर तिथं होता, हे आधी जगानं पाहिलं होतं. त्यामुळे कापणाऱ्यांना आगळीक करणारे ठरवणं सोपं राहिलं नाही.

११ ऑगस्ट २०२५ ची घटना तर आणखी बोलकी. फिलिपिन्सची जहाजं स्कारबरोजवळ मच्छीमारांना मदत पोचवायला गेली होती. त्यांचा पाठलाग करताना चीनची दोन जहाजं, एक नौदलाचं आणि एक तटरक्षक दलाचं, एकमेकांवरच आदळली. चिनी तटरक्षक दलाच्या निवेदनात फिलिपिन्सच्या जहाजांना हुसकावल्याचं होतं, टकरीचा उल्लेखच नव्हता. पण टकरीचा व्हिडिओ फिलिपिन्सनं त्याच दिवशी दाखवला होता.

या पद्धतीनं सगळं सुटलं का? नाही. पाण्याचे फवारे थांबलेले नाहीत, स्कारबरो मोकळं झालेलं नाही. व्हिडिओनं दर्या परत मिळत नाही. पण 'असं काही घडलंच नाही' म्हणणं अवघड होतं आणि मच्छीमाराचा शब्द एकटा पडत नाही. हेही लक्षात घ्या की ही पद्धत उभी आहे ती खरेपणावर. एक जरी व्हिडिओ खोटा निघाला असता, तर आधीचे सगळे संशयात आले असते.

आपला याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आले होते. मच्छीमाराचा वेश हीच त्यांची ढाल होती. मे २०२५ मध्ये भारत-पाक तणावात हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला. पीआयबी फॅक्ट चेकनं सांगितलं की तो २०२१ सालच्या तेल टँकरच्या स्फोटाचा आहे. पण असं काही मोबाइलवर आलं की ज्या घरचा माणूस दर्यात आहे, त्या घरात त्या रात्री काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शत्रू नसतानाही हेच घडतं. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनची बातमी आली. आधी सापडलं म्हणाले, मग मर्यादेत आहे म्हणाले. लोकांनी कोणावरच विश्वास ठेवला नाही आणि मासळी खाणंच सोडलं. तेव्हा मासेमारी बंदीचा काळ होता. आपले ट्रॉलर जेटीला बांधलेले, शंका होती ती बाहेरून आलेल्या मासळीवर. तरी नाव खराब झालं ते सगळ्याच मासळीचं. दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्या की असं होतं.

म्हणून आपण एवढं तरी करूया:

१. दर्यात काही संशयास्पद दिसलं तर वेळ, जीपीएसची जागा, बोटीचा नंबर, रंग आणि दिशा लगेच लिहून ठेवा. व्हिडिओ काढता आला तर काढा, पण जवळ जाऊन जीव धोक्यात घालू नका. मूळ फाइल कापू नका, पुसू नका.

२. आधी कळवायचं ते व्हीएचएफ चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या नंबरावर. ग्रुपवर टाकणं त्यानंतर.

३. नौदल, तटरक्षक दल यांच्या जहाजांच्या हालचाली दाखवणारे व्हिडिओ टाकू नका. ते कोण बघतंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

४. 'बोट बुडाली', 'बंदर बंद', 'मासळीत विष' असा मेसेज आला तर पुढं ढकलण्याआधी संस्थेला विचारा. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे दोन प्रश्न पुरतात.

५. संस्थेच्या वतीनं एकानंच बोलायचं. माहिती पक्की नसेल तर 'चौकशी करतोय, कळवतो' एवढंच सांगायचं, आणि मग खरोखर कळवायचं. गप्प राहिलो तर ती जागा अफवा भरून काढते.

दर्यात सगळ्यात आधी बघणारे आपणच असतो. जे बघितलं तेवढंच, बघितलं तसं आणि वेळेवर सांगितलं, तर उद्या गरज पडेल तेव्हा आपला शब्द चालेल. ही पोस्ट घरात वाचून दाखवा, खलाशांनाही सांगा.