मीटरच्या पलीकडचा पाइप

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक ओरिफिस प्लेट असते. तळहाताएवढी स्टेनलेस स्टीलची चकती, मधोमध गोल भोक, वर दांडी आणि दांडीवर ठोकलेला नंबर. नव्या प्लेटच्या भोकाच्या कडेवर नख अडकतं. हिच्या कडेवरून ते सरळ घसरतं. पाण्याने कड बोथट केली म्हणून ही भंगारात निघाली होती. एका साखर कारखान्यातल्या फोरमननी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाला आवडतात ना असल्या वस्तू, घेऊन जा." तीसेक वर्षं मी पाइपातलं पाणी आणि वाफ मोजली, या चकतीइतकं कुठल्याच उपकरणाने मला गुंतवून ठेवलं नाही.

तिचं काम समजायला सोपं आहे. वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. प्लेटच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब, यांच्यातल्या फरकावरून प्रवाह काढायचा. प्रवाह दुप्पट झाला की हा फरक चौपट होतो. डॅनिएल बर्नुलीचा ग्रंथ 1738 चा, इटालियन व्हेंतुरीचे प्रयोग 1797 चे. त्या प्रयोगांवरून पुढे नव्वदेक वर्षांनी क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनिअरने पाणी मोजायचा मीटर बनवला आणि त्याला नाव दिलं व्हेंतुरीचं. स्वतःचं नाव सहज देता आलं असतं. पूर्वसुरींचं ऋण असं फेडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आज चुंबकीय, अल्ट्रासॉनिक, व्होर्टेक्स, कोरिऑलिस असे अनेक मीटर मिळतात. सांडपाण्याला चुंबकीय, वाफेला व्होर्टेक्स, महागड्या रसायनाला कोरिऑलिस, असा साधारण हिशोब असतो. तरीही बॉयलर हाउसमध्ये शिरलात तर दोन फ्लँजांमधून डोकावणारी ओरिफिसची दांडी हमखास दिसेल.

माझा खरा जीव अडकलाय तो प्लेटच्या पुढच्या हातभर पाइपात. भोकातून सुटलेली धार लगेच पसरत नाही. थोडं अंतर ती आणखी आवळते, मग फुटते, आणि तिच्याभोवती भोवरे उठून पाइपाच्या भिंतीला घासत राहतात. भोवऱ्याची ताकद पाहायची असेल तर पारनेर तालुक्यातल्या निघोजला जा. कुकडीच्या पात्रात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात रांजणच्या रांजण कोरले आहेत. मी तिथे तीनदा गेलो. प्रत्येक वेळी खळग्याच्या गुळगुळीत काठावर हात फिरवताना मला पाइपच आठवला.

फरक एवढाच, की बॉयलरच्या पाण्यात वाळूचा कणही नसतो. लोखंडी पाइपाच्या आत मॅग्नेटाइटचा काळा पापुद्रा धरतो आणि तोच लोखंडाला सांभाळतो. प्राणवायू काढून टाकलेलं, शुद्ध, गरम पाणी हा पापुद्रा विरघळवतं. भोवरे विरघळलेलं लोखंड लगेच वाहून नेतात, पापुद्रा पुन्हा धरतो, पुन्हा विरघळतो. साधारण 130 ते 150 अंश सेल्सिअसला हा उद्योग सगळ्यात जोरात चालतो. झिजलेली भिंत आतून संत्र्याच्या सालीसारखी दिसते. बाहेरचा रंग मात्र जसाच्या तसा.

जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात नेमकं हेच झालं. तिसऱ्या युनिटच्या टर्बाइनकडच्या भागात, ओरिफिसच्या पलीकडे, सुमारे 140 अंशांच्या पाण्याचा पाइप 9 ऑगस्ट 2004 रोजी फुटला. किरणोत्सर्ग झाला नाही. पण उकळतं पाणी आणि वाफ अंगावर येऊन पाच कामगार गेले आणि सहा भाजले. युनिट 14 ऑगस्टला तपासणीसाठी बंद होणार होतं, त्याच्या तयारीला ही माणसं आली होती. पाइपाची मूळ जाडी 10 मिमी, फुटलेल्या जागी ती दीड मिमीच्याही खाली गेलेली. युनिट 1976 मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून ही जागा एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती सुटली होती. त्याआधी 1986 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सरी केंद्रात असाच एक एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, फुटून चौघे दगावले होते.

व्हॉल्व्हचीही हीच गत. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किंवा पूर्ण बंद करायला असतो. तो अर्धवट उघडा ठेवून प्रवाह आवरला की गेट आणि सीट चिरत जातात. दाब फार उतरला तर पाण्यात वाफेचे बुडबुडे उठतात आणि पुढे दाब वाढताच धातूला लागून फुटतात. जवळ उभं राहिलं की पाइपातून खडी चालल्यासारखा आवाज येतो. हा आवाज ऐकूनही 'चालतंय तोवर चालू दे' म्हणणारे मी पुष्कळ पाहिले, आणि ते चूक करतात असं माझं ठाम मत आहे.

माझी चकती जिथून आली, त्याच कारखान्यात ऑफ सीझनमध्ये आम्ही फीडवॉटर लाइन तपासली. कड बोथट झाल्याने मीटर प्रवाह कमी दाखवत होता, म्हणून प्लेट काढली होती. फिटर नवी प्लेट बसवायला निघाला, तेव्हा मी पलीकडच्या एल्बोवर रंग खरवडून, जेल लावून थिकनेस गेज टेकवला. आतल्या बाजूला 8.1 मिमी. बाहेरच्या वळणावर 3.2. फिटरने गेज माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा लावून पाहिला आणि काही न बोलता कटिंग सेट आणायला गेला. एल्बो बदलला, या वेळी थोडं क्रोमियम असलेल्या पोलादाचा, कारण जेमतेम एक टक्का क्रोमियमही ही झीज पुष्कळ रोखतं.

दिवाळीच्या आसपास आपल्याकडे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मोळी पडते, हंगाम सुरू होतो. तुम्ही स्वतः कारखान्यात असाल किंवा घरातलं कुणी असेल, तर एवढं करा. प्रत्येक ओरिफिस आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या पलीकडचा पाइप वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजा. एल्बोचं बाहेरचं वळण विसरू नका. आकडे तारखेसह वहीत लिहा आणि यादीत एखादी जागा सुटली आहे का, ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. त्या पाइपाशेजारून रोज माणसं ये-जा करतात.