बाबांची चेतक आणि रिमूव्हरची वाफ

आजच्या एपिसोडमध्ये कोड नाही, ॲप नाही, नवीन फोनही नाही. आज बोलायचंय पेंट रिमूव्हरबद्दल. बाबांची जुनी चेतक मी पुन्हा उभी करतोय हे मागे सांगितलं होतं, तेव्हापासून "दादा, रंग कसा काढलास?" हा प्रश्न येतोय. उत्तर देतो. पण आधी माझी चूक सांगतो, कारण ती चूक तुम्ही करू नये यासाठीच हा एपिसोड आहे.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. मित्राचा एक रिकामा गाळा मिळाला होता. पाणी आत येतंय म्हणून मी शटर जवळजवळ पूर्ण खाली ओढलं. चेतकवर एकावर एक मारलेले रंगाचे तीन थर. पॉलिश पेपर घासून हात दुखले, म्हणून दुकानातून रिमूव्हरचा डबा आणला. तोंडाला कापडी मास्क, हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज. म्हटलं, झाली सेफ्टी! बाबा शेजारी छोट्या स्टुलावर बसून सूचना देत होते.

रिमूव्हर लावला आणि पाच-दहा मिनिटांत रंग पापडासारखा फुगून वर आला. भारी वाटलं. अर्ध्या तासाने माझं डोकं जड झालं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय रे." बाबांची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. शटर वर केलं, त्यांना घरी आणलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८! आम्ही निवांत झालो. आई मात्र ऐकेना, "आकडा गेला खड्ड्यात, आधी डॉक्टरकडे चला." ईसीजी झाला, काही तास देखरेखीखाली ठेवलं, आणि नशिबाने बाबा ठीक होते.

त्या रात्री मी पहिल्यांदा डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मिथिलीन क्लोराइड.

हे काम कसं करतं?

मिथिलीन क्लोराइड, म्हणजेच डायक्लोरोमिथेन. याचा रेणू अगदी लहान असतो. तो रंगाच्या थरात शिरतो, थर आतून फुगवतो आणि पत्र्यावरची त्याची पकड सुटते. म्हणून रंग विरघळून वाहत नाही, सुरकुत्या पडून उचलला जातो.

अडचण अशी की हे द्रव साधारण ४० अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणजे साध्या खोलीतसुद्धा त्याची वाफ भराभर होते. ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे ती खाली जमिनीलगत साचते. बाबा कुठे बसले होते? छोट्या स्टुलावर. आणि मी? उकिडवा, त्यांच्या शेजारी.

पुढचा भाग मला माहीतच नव्हता. श्वासातून आत गेलेल्या मिथिलीन क्लोराइडपासून आपलं शरीर कार्बन मोनॉक्साइड तयार करतं. हो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जीव घेतो तोच वायू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. बाहेर मोकळ्या हवेत आल्यावरही शरीरात तो काही तास तयार होत राहतो. हृदयविकार असलेल्या माणसाला हे जास्त घातक. आणि घरातल्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. म्हणजे आमचं ते ९८ बघून निवांत होणं हा शुद्ध मूर्खपणा होता. आई बरोबर होती.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा रंग काढणारे किमान १३ कामगार याच रसायनाने गेल्याची नोंद आहे. छोटं बाथरूम, खाली वाकून काम, बंद दार. युरोपियन युनियनने २००९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी अशा रिमूव्हरवर बंदीचा निर्णय घेतला, अमेरिकेने २०१९ मध्ये. मला मात्र तो डबा थिनरच्या बाटलीशेजारी, सहज मिळाला.

मग मास्क, ग्लोव्ह्ज कशाला असतात?

कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. कार्ट्रिजवाला मास्कही मिथिलीन क्लोराइडसमोर फार टिकत नाही. साधे नायट्राइल किंवा लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज ते काही मिनिटांत ओलांडतं. म्हणून घरी काम करणाऱ्याला माझं सरळ सांगणं: डब्यावर हे नाव दिसलं तर तो डबा घेऊच नका.

मी नंतर काय केलं?

बेंझिल अल्कोहोलवर चालणारा रिमूव्हर घेतला. हा सावकाश काम करतो, काही तास लागतात. जाड थर लावायचा आणि वरून प्लास्टिकचा कागद झाकायचा, म्हणजे तो वाळत नाही. हा कमी धोक्याचा आहे, बिनधोक नाही. त्यामुळे नियम तेच:

१. काम उघड्यावर. गाळा, बेसमेंट पार्किंग, बाथरूम नको. वारा पाठीमागून यायला हवा. लहान मुलं, गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेलं माणूस जवळ नको.

२. डब्यावर किंवा सेफ्टी डेटा शीटवर सांगितलेलेच ग्लोव्ह्ज. मी ब्यूटाइल रबरचे घेतले. डोळ्यांना बंद गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे.

३. डबा उन्हात तापला असेल तर आत दाब असतो. झाकणावर फडकं टाकून, तोंड लांब ठेवून हळू उघडा.

४. रबर, प्लास्टिक, वायरिंग, मीटर आधी काढा. चेतकची बॉडी पत्र्याची, पण इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं. कॉस्टिकवाला रिमूव्हर ॲल्युमिनियम खातो. आधी छोट्या कोपऱ्यात लावून बघा.

५. पत्र्याच्या जोडांपासून इंचभर लांब राहा. सांध्यात अडकलेला रिमूव्हर नंतर पाझरतो आणि नवा रंग फुगवतो. तिथे पाणी लावून पॉलिश पेपर मारा.

६. जवळ विडी-सिगारेट, हीट गन, वेल्डिंग काही नको. बरेच रिमूव्हर पेट घेतात, आणि मिथिलीन क्लोराइडची वाफ ज्वाळेत गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

७. जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा आली, पण ती गाड्यांच्या रंगांना लागू नाही. म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं खरवडा.

८. खरवडलेला लगदा गटारात किंवा मोरीत नाही. जुन्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि ज्या गॅरेजचा घातक कचरा अधिकृतपणे उचलला जातो, तिथे विचारून द्या.

९. डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुवा, पुसा, पूर्ण कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीतून गंजतो.

डोळ्यात उडालं तर नळाखाली किमान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. चक्कर, डोकेदुखी, छातीत जड वाटलं तर लगेच मोकळी हवा आणि दवाखाना. सोबत डब्यावरच्या लेबलचा फोटो न्या. "रंगाच्या वासाने झालं" म्हणू नका, रसायनाचं नाव सांगा.

चेतक आता राखाडी प्रायमरमध्ये उभी आहे. दुसऱ्या वेळी बाबा घरीच होते, व्हिडिओ कॉलवर. "डाव्या बाजूला राहिलंय बघ," असं दर पाच मिनिटांनी ऐकू येत होतं. मी एकदाही वैतागलो नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये गाडी रिस्टोर करणारा कोणीतरी असेलच. त्याला हा एपिसोड पाठवा, आणि शटर वर करायला सांगा. भेटू पुढच्या वेळी!