गॅसोमीटर ओबरहाउझेन

गॅसोमीटर ओबरहाउझेन ही जर्मनीतील ओबरहाउझेन शहरातील एक जुनी वायुटाकी असून १९९४ पासून ती प्रदर्शनगृह म्हणून वापरात आहे. सुमारे ११७ मीटर उंच व ६८ मीटर व्यासाच्या या पोलादी टाकीचा पोकळ अंतर्भाग प्रकाश व ध्वनी यांवर आधारित भव्य कलाकृतींसाठी ओळखला जातो.

मूळ उपयोग

रूर खोऱ्यातील लोखंडाच्या कारखान्यांत झोतभट्ट्यांतून निघणारा ज्वलनशील वायू साठवण्यासाठी १९२७ ते १९२९ या काळात ही टाकी बांधण्यात आली. तिची क्षमता सुमारे ३,४७,००० घनमीटर होती. वायू आत येई तसतशी टाकीतील प्रचंड पोलादी तबकडी वर सरके आणि वायू खर्च होई तशी ती खाली येई. वायूची निर्मिती व त्याची गरज यांचा मेळ अशा रीतीने घातला जाई. १९४६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी लागलेल्या आगीनंतर टाकी पुन्हा उभारण्यात आली. परिसरातील कारखाने बंद पडत गेल्याने १९८८ मध्ये तिचा वापर थांबला.

जतनाचा प्रश्न

निरुपयोगी ठरलेली ही टाकी पाडावी की राखावी, यावर शहरात मतभेद होते. एकीकडे देखभालीचा खर्च होता, तर दुसरीकडे खोऱ्याच्या औद्योगिक इतिहासाची ती ठळक खूण होती. अखेर १९९२ मध्ये जतनाचा निर्णय झाला. एम्शर पार्क या प्रादेशिक पुनरुज्जीवन योजनेअंतर्गत तिचे रूपांतर करण्यात आले. वर-खाली होणारी तबकडी खालच्या बाजूस कायमची स्थिर करण्यात आली. आज तिच्यावर उभे राहिले असता डोक्यावर सुमारे १०० मीटर उंचीची पोकळी दिसते.

ध्वनी आणि प्रकाश

गुळगुळीत पोलादी भिंतींमुळे येथे एकाच आवाजाचे अनेक प्रतिध्वनी उमटतात. सभा-व्याख्यानांना हा दोष ठरेल. कलाकारांनी मात्र त्यालाच साधन केले. २००३ मध्ये बिल व्हायोला यांची 'फाइव्ह एंजल्स फॉर द मिलेनियम' ही कलाकृती येथे मांडण्यात आली. तीत पाण्यात झेपावणारी मानवी आकृती अतिशय संथ गतीने दिसते आणि दीर्घ शांततेनंतर पाण्याचा घोष उसळतो.

२०१३ मध्ये क्रिस्तो यांनी 'बिग एअर पॅकेज' ही ९० मीटर उंचीची, हवेने फुगवलेली अर्धपारदर्शक कापडी रचना टाकीच्या आत उभारली. छतातून येणारा सूर्यप्रकाश व प्रकाशझोत कापडातून झिरपत आणि प्रेक्षकास सावलीविरहित शुभ्र अवकाशात उभे असल्याचा भास होई. २०१४ मध्ये जर्मनीतीलच 'अर्बनस्क्रीन' या कलासमूहाने '३२० अंश प्रकाश' ही कलाकृती सादर केली. २१ प्रक्षेपकांच्या साहाय्याने सुमारे २०,००० चौरस मीटर भिंतीवर रेषा व आकृत्या सरकत राहिल्या. त्यांना ध्वनीची जोड होती. स्थिर भिंतीच हलत असल्याचा अनुभव त्यातून मिळे.

महत्त्व

या कलाकृतींचा परिणाम टाकीच्या आकारमानावर, अंधारावर व प्रतिध्वनीवर अवलंबून आहे. सामान्य कलादालनात तो तसाच साधणे कठीण. ज्या रितेपणामुळे टाकी निरुपयोगी मानली गेली, तोच तिच्या नव्या उपयोगाचा आधार ठरला. मात्र जतन हे एकदाच करून संपणारे काम नाही. पोलाद गंजू नये यासाठी व्यापक दुरुस्ती हाती घ्यावी लागली आणि त्यानंतर २०२१ मध्ये टाकी प्रेक्षकांसाठी पुन्हा खुली झाली.