टेस्ट चालतात, पण वेळ नेमका जातो कुठे?

घरून काम करणारा मुलगा लॅपटॉप उघडा ठेवून चहाला उठतो. विचारलं तर म्हणतो, "टेस्ट चालू आहेत, वीस मिनिटं लागतील." पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत नोकरीला असलेल्यांच्या घरी हे वाक्य ओळखीचं असेल. पण ही वीस मिनिटं वाटतात तितकी साधी नाहीत.

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामच्या एकेका छोट्या भागाची आपोआप होणारी तपासणी. समजा, पतसंस्थेच्या ठेवींवर व्याज काढणारा प्रोग्राम आहे. १०,००० रुपयांवर ८ टक्क्यांनी वर्षाचं सरळव्याज ८०० रुपयेच येतं का, मुदतीआधी ठेव मोडली तर दर कमी लागतो का, हे तपासणाऱ्या टेस्ट आधीच लिहून ठेवतात. प्रोग्राममध्ये काही बदललं की सगळ्या पुन्हा चालवायच्या.

टेस्ट अर्ध्या मिनिटात संपल्या तर प्रत्येक बदलानंतर चालवल्या जातात. वीस मिनिटं लागली की माणूस संध्याकाळी एकदाच चालवतो. तोवर दिवसभरात पंचवीस बदल झालेले असतात आणि चूक कोणत्या बदलाने आली हे शोधण्यात दुसरा दिवस जातो. काही जण मग टेस्ट चालवायच्याच सोडतात आणि चूक थेट ग्राहकाच्या पासबुकात उतरते.

संथ कशाला म्हणायचं?

मायकेल फेदर्स यांनी २००४ मधल्या आपल्या पुस्तकात सेकंदाचा दहावा भाग घेणारी युनिट टेस्टही संथच ठरवली आहे. हिशेब सोपा आहे. अशा ३,००० टेस्ट म्हणजे ३०० सेकंद, पाच मिनिटं. त्याच टेस्ट शंभराव्या भागात झाल्या तर ३० सेकंदांत काम आटोपतं.

आधी यादी काढा

इथे अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. पायथॉनमधल्या पायटेस्टला 'ड्युरेशन्स' हा पर्याय आणि १० हा आकडा दिला की सर्वात जास्त वेळ घेणाऱ्या दहा नोंदी शेवटी छापून येतात. पायथॉनच्या स्वतःच्या युनिटटेस्टमध्ये ही सोय २०२३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत आली. रुबीच्या आरस्पेकमध्ये यासाठी 'प्रोफाइल' हा पर्याय आहे. जावावाल्यांना मेव्हनने बनवलेल्या अहवालात प्रत्येक टेस्टपुढे लागलेला वेळ मिळतो.

यादी दोन-तीनदा काढावी. पहिल्या टेस्टवर कधी कधी सगळा प्रोग्राम मेमरीत आणण्याचा वेळही चढतो आणि ती उगाच दोषी ठरते.

किरकोळ खर्चाकडे लक्ष

खरी फसगत पुढे होते. वरच्या दहा दुरुस्त केल्या तरी एकूण वेळ फारसा घटत नाही. घरखर्चात एकरकमी मोठा खर्च लगेच डोळ्यांत भरतो, रोजचा किरकोळ खर्च दिसत नाही, तसंच हे. २,००० टेस्ट प्रत्येकी ०.३ सेकंद घेत असतील तर दहा मिनिटं गेली, पण त्यातली एकही पहिल्या दहांत नसेल. म्हणून खतावणी करतात तशी फाइलवार बेरीज मारावी.

पायटेस्ट प्रत्येक टेस्टचे तीन भाग वेगळे दाखवतं: तयारी, प्रत्यक्ष तपासणी आणि आवराआवर. वेळ तयारीत जात असेल तर दोष बहुधा सगळ्या टेस्टना सामाईक असतो. जँगोमधलं उदाहरण बोलकं आहे. तिथे पासवर्ड जपण्याची पद्धत चोराला त्रास व्हावा म्हणून मुद्दामच संथ ठेवली आहे. प्रत्येक टेस्टच्या तयारीत नवा वापरकर्ता बनवला की हा भुर्दंड हजारो वेळा बसतो. त्यामुळे फक्त टेस्टपुरती हलकी पद्धत वापरा, असं जँगोचं माहितीपत्रकच सुचवतं.

बाकी नेहमीचे संशयित म्हणजे 'दोन सेकंद थांब' अशी ओळ, बाहेरच्या सर्व्हरला विचारणा आणि दर वेळी नव्याने भरलेला डेटाबेस. घड्याळाचा वेळ जास्त पण प्रोसेसरचा कमी दिसला, तर टेस्ट काम करत नसून कशाची तरी वाट बघत बसली आहे असं समजावं.

संथ टेस्ट सापडली म्हणून पुसून टाकू नये. डेटाबेस खरोखरच लागणाऱ्या टेस्ट वेगळ्या गटात ठेवून रात्री किंवा प्रोग्राम ग्राहकाकडे पाठवण्याआधी चालवाव्यात. बाकीच्या इतक्या झटपट व्हाव्यात की निकाल येईपर्यंत चहाला उठायची गरजच पडू नये.