हाड मोडल्यावर विमा, पण मोडण्याआधी?

कंबर धरून उठणारी आई आणि दरवर्षी थोडी अधिक वाकत जाणारी आजी आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. 'वय झालं, आता असंच चालायचं,' असे म्हणून घरचे विषय संपवतात. परंतु हे नुसते वय नव्हे. हाडांतले कॅल्शियम झिजून ती आतून पोकळ व ठिसूळ होतात. डॉक्टर या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. बहुधा तो आधी दुखत नाही, म्हणून कळत नाही. एके दिवशी मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग आईची मजुरी बुडते आणि तिच्या उशाशी बसणाऱ्या सुनेची किंवा लेकीचीही बुडते.

पाळी बंद झाल्यावर बाईची हाडे झपाट्याने झिजू लागतात. तरुणपणीच पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल, तर हा धोका लवकर सुरू होतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि साध्या पडण्याने एकदा हाड मोडलेल्यांनीही सावध राहावे.

हाडे किती भरीव आहेत हे 'डेक्सा' नावाच्या यंत्रावर कळते. सुई टोचत नाहीत. काही मिनिटे पडून राहायचे, एवढेच. अहवालातला 'टी-स्कोअर' उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला, तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. शिबिरात टाचेवर यंत्र लावून करतात ती तपासणी केवळ इशारा देते. तिच्यावर विसंबून औषध सुरू करू नये.

आता मुख्य प्रश्न, या तपासणीचे पैसे कोण देणार?

राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला ठाऊक आहे. २०१२ साली ती जुन्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१३ साली ती जळगावसह राज्यभर लागू झाली. पुढे वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. हाड मोडल्यावरच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात होतात. अशा वेळी रेशन कार्ड व आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ वर विचारावे. मात्र ही योजना दाखल रुग्णासाठी आहे. धडधाकट बाईच्या नुसत्या तपासणीसाठी ती नाही. खासगी मेडिक्लेमचीही हीच तऱ्हा. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास पैसे मिळत नाहीत. वयामुळे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराला अनेक पॉलिसींत काही वर्षांचा थांबा असतो. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचून घ्यावे.

एक दार मात्र उघडे आहे, ते कामगार विम्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. या विम्यात दवाखान्यातले बाह्य उपचार व तपासण्याही येतात. कामगाराबरोबर पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के झाला.

तेव्हा डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात किंवा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांनी पगारपत्रक पाहावे. पैसे कापले जात असतील, तर कार्डावर आईचे नाव आहे का ते तपासावे. दवाखान्यात तिला कोणता धोका आहे हे सांगून, गरज असल्यास तपासणीची चिठ्ठी मागावी. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांनी हीच मागणी रेल्वे रुग्णालयात करावी. मागितल्याशिवाय चिठ्ठी मिळत नाही.

केळीच्या बागेत आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्या भगिनींकडे असे कार्ड नाही, हे खरे. त्यांनी निदान सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना आपला धोका सांगावा. धोका उघड दिसत असेल तर यंत्राविनाही उपचाराचा विचार होऊ शकतो. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारी सुकट यांतून ते मिळते. थोडे ऊन अंगावर घ्यावे, रोज चालावे, मिशरी व तंबाखू सोडावी. मोरीतले शेवाळ घासून काढावे आणि रात्री दिवा ठेवावा.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. कोणाच्या घरी विम्याचे कार्ड आहे आणि त्यावर आईचे नाव नाही, याची यादी करा. हाड मोडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम कितीतरी हलके आहे.