मळणीयंत्रात हात गेला, तर भरपाई कोणाकडे मागायची?



नरखेड तालुक्यात गहू-हरभरा काढणीला आला की थ्रेशर एका वावरातून दुसऱ्या वावरात रात्रंदिवस फिरतो. संत्र्याच्या बागेत शिड्या लागतात, कपाशीवर फवारणी असते, विहिरीवरची मोटार तर बारमाही चालते. यांत कोणाचा तरी हात जातो, कोणी शिडीवरून पडतो, कोणाला शॉक लागतो. मग गावात एकच बोलणे होते, “नशीब खोटं!” नशीब खोटे असेल, पण कागद खरे असले तर त्या घराला पैसा मिळू शकतो.

आधी हे पाहा की जखमी झालेला माणूस खातेदार आहे की मजूर. दोघांचे मार्ग वेगळे आहेत.

खातेदार किंवा त्याच्या घरचा माणूस असेल तर राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत होत असे. २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देते. हप्ता भरावा लागत नाही. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला घरातला कोणताही एक जण, म्हणजे आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी, असे दोघे यात येतात. वय १० ते ७५ वर्षे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, बुडणे, उंचावरून पडणे, औषध हाताळताना विषबाधा हे सारे यात धरले जाते. आत्महत्या, नैसर्गिक मृत्यू आणि दारूच्या नशेतला अपघात धरला जात नाही.

अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पुढे तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय देते. माझ्या अनुभवात खरी अडचण इथेच येते. एका गावी साप चावलेल्या माणसाला घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेले. तो दगावला. शवविच्छेदन नको म्हणून तसाच अग्नी दिला. दीड महिन्याने बायको माझ्याकडे आली तेव्हा हाती सातबारा होता, पण साप चावल्याचा एकही कागद नव्हता आणि मुदतही टळली होती. मी काय करणार! म्हणून सांगतो, माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्या. माणूसही वाचेल आणि केसपेपरही होईल. दुर्दैवाने दगावला तर पोलीस पाटलाला कळवा, पंचनामा होऊ द्या, शवविच्छेदन नाकारू नका. फवारणीची बाधा असेल तर औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला उपचारालाही तो लागतो. वारसाची नोंद तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नमुना ६-क वर घ्यावी लागते. ती तेरवीची वाट न पाहता मागा.

आता मजुराचे. हे वाचून काही कास्तकारांना राग येईल, पण सांगणे भाग आहे. सातबारा नसलेल्या सालदाराला वरची योजना लागू नाही. मात्र ट्रॅक्टर, थ्रेशर, विजेची मोटार अशा यंत्रावरच्या शेतीकामात मजूर जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची असते. हा कायदा १९२३ चा; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तत्त्व तेच आहे.

रक्कम किती, ते ऐका. ३० वर्षांचा गडी, मजुरी महिन्याला १०,००० रुपये, आणि थ्रेशरमध्ये अंगठा गेला. मजुरीचे ६० टक्के ६,०००. वयाचा गुणक २०७.९८, अंगठ्याची हानी ३० टक्के. हिशेब होतो ३,७४,३६४ रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. हात बरा होईपर्यंत काम बंद असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे इथे २,५०० रुपये. पाच-दहा हजार हातावर ठेवून “मिटवलं” म्हटल्याने ही जबाबदारी संपत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई परस्पर देता येत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

मजूर बंधूंनी मालकाला लगेच, आणि जमल्यास लेखी, कळवावे. दवाखान्याचे कागद जपावेत, सोबत कोण होते ती नावे लिहून ठेवावीत. दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत दाखल करायचा असतो.

कास्तकाराने काय करावे? थ्रेशर लावण्याआधी मजुरांची नावे आणि मजुरी वहीत लिहा. साधारण विमा कंपन्यांकडे मजूर भरपाईची पॉलिसी मिळते, ती चौकशी करून घ्या. शिवाय बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या प्रत्येकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. याने तुमची जबाबदारी टळत नाही, पण गड्याच्या घराला आधार होतो. हप्ता दरवर्षी खात्यातून कापला जातो. मे अखेर खात्यात तेवढे पैसे आहेत की नाही, ते पाहून ठेवा.